होडीवरचे काळे फराटे

प्रिय ठके,

अक्षर ओळखलं असशील. आधी वाच, मग काय रागवायचं ते रागव. आत्ता मला कुणाचाच राग झेलायची ताकद नाही. बाबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, त्याला चार महिने झाले. वाचाही गेली. डावा हात तेवढा चालतो, आणि त्या हाताला कामं दोनच: खिडकीबाहेर दाखवायचं आणि गादीवर आपटायचं.

खिडकीबाहेर काय, तर अंगणात ओंडक्यांवर चढवलेली होडी. यंदा ती पाण्यात उतरायची नाही हे त्यांनाही कळतं, पण हात तिकडेच. मी उशी बदलली, खिडकी लावली, उघडली, खाट फिरवली. आपटणं चालूच. शेवटी मीच अर्थ काढला, की पुढच्या टोकाजवळ पांढऱ्या रंगावर काळे फराटे आहेत ते ह्यांना बघवत नसणार. होडीला आरशासारखी ठेवणारा माणूस.

मग काय, पदर खोचला. साबणाचं कोमट पाणी झालं, सोडा झाला, रॉकेलचा बोळा झाला. खाऱ्या पाण्याचा पिवळा थर निघाला, शेवाळाची कड निघाली, फराटे मात्र ढिम्म. होडीच्या रंगाचं पॉलिश वेगळं मिळतं, पण एवढ्याशा डबीला तेवढे पैसे कोण देतं? मी घेतली भांड्यांची पावडर आणि तारेची घासणी. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. खालचे दोन फराटे गेले, त्यांच्याबरोबर चकाकीही गेली. खडू पुसलेल्या पाटीसारखा पांढुरका डाग उठला. तरी मी मोठ्या तोऱ्यात खिडकीशी जाऊन म्हटलं, बघा, निघतंय. तर ह्यांनी पाण्याचा पेला फेकला. इतक्या वर्षांच्या संसारात ह्या माणसाला काय हवं ते मला ओळखता येऊ नये? मोरीत बसून रडले. देवालाही दोन शब्द सुनावले. मागून क्षमा मागितली, पण सुनावले.

काल रंगाऱ्याला बोलावलं. त्याने आधी माझीच हजेरी घेतली, वहिनी, ही होडी आहे की करपलेलं पातेलं? मग मऊ फडक्यावर पॉलिश घेऊन गोल गोल हात फिरवत तासाभरात तो भाग बराचसा उजळवला, वर मेण चढवलं. वरच्या फराट्यांना मात्र हात लावेना. म्हणाला, हे वार्निशच्या आतले आहेत. दादा दरवर्षी त्यांच्यावरूनच वार्निशचा हात मारायचे, मला पुसू द्यायचे नाहीत.

तो गेल्यावर मी नीट पाहिलं. फराटे जोडीजोडीने आहेत गं, एकाखाली एक. शाळेतून आलीस की दप्तर टाकून होडीच्या काठावर बसायचीस, पाय बाहेर सोडून काळ्या बुटांच्या टाचा आपटत, बाबांचं काम संपेपर्यंत. रंगाची वाट लावतेस म्हणून ते ओरडायचे. तू वाढलीस तसे पाय खाली उतरले, तसे फराटेही. मी घासून काढले ते सगळ्यात खालचे, तुझ्या शाळेच्या शेवटच्या वर्षाचे. त्यांच्या वाट्याला वार्निशचे हात सगळ्यात कमी आले होते. आणि मी घासत असताना खिडकीतून चाललेली आपटाआपट, ती मला थांबवायला होती; त्याआधीची तुझ्यासाठी.

तू बाबांच्या मनाविरुद्ध लग्न केलंस, त्या दिवशी त्यांनी मला देवासमोर शपथ घातली होती, तिला एक ओळसुद्धा लिहायची नाही. सहा वर्षं पाळली. आज सकाळी त्यांच्या उशाशी बसून विचारलं, ठकीला बोलावू का? हात गादीवर पडून राहिला. आपटला नाही. चार महिन्यांत पहिल्यांदा. शपथेचं मी आणि देव बघून घेऊ. तू ये, जावयांनाही घेऊन ये. आणि येताना काळे बूट घालून ये. मी घासलेली जागा रिकामी आहे.

तुझीच,
आई