लहान गुन्ह्याची मागणी

नॉर्थ डकोटा, १९ ऑक्टोबर

प्रिय आर्डिस,

देव तुला आणि मुलांना सुखात ठेवो. गहू घरात आला. आईच्या झाडाची सफरचंदं शेजारच्या इंगाबाईंकडे ठेवली आहेत, घेऊन जा.

मंगळवारी सकाळी गाई सोडल्या, दाढी केली, लग्नातला कोट चढवला आणि चर्चच्या मागच्या बाकावर थोडा वेळ बसलो. मार्चमध्ये तुझा नवरा व्हर्लिन माझ्या गोठ्यात पडला, जबडा मोडला, शेजारी पहार सापडली. व्हर्लिन एवढंच म्हणाला की मी मारलं; पहारेचा आरोप सरकारी वकिलांनी ठेवला. त्या खटल्याचा तो शेवटचा दिवस.

माझे वकील प्रुइट म्हणाले, "ज्यूरीपुढे एकच प्रश्न राहू दे: पहारेने मारलं का? ते सिद्ध होत नाही. साध्या मारहाणीचा पर्याय मागायचाच नाही. शेजारीपाजारीच आहेत, सोडतील तुला. रात्री जेवायला घरी!"

"आणि व्हर्लिन?"

"त्याचं काय?"

गाव आधीच म्हणत होतं, व्हर्लिन घसरून पडला आणि मेहुण्यावर आळ घेतोय. मी साफ सुटलो असतो तर तो जन्मभर खोटारडा ठरला असता.

न्यायाधीश बाईंनी मला विचारलं, "साध्या मारहाणीच्या लहान गुन्ह्याची सूचना ज्यूरीला देऊ नये, ही तुमचीही इच्छा आहे?"

प्रुइटनी बाही ओढली. मी उठलो. "नाही, बाई. ती सूचना द्या."

"बस खाली!" प्रुइट पुटपुटले. "दार उघडं असताना भिंतीवर डोकं आपटतोस?"

बाईंनी ज्यूरीला समजावलं: आधी मोठा गुन्हा पाहा; तो सिद्ध नसेल, तरच लहान. चाळीस मिनिटांत ज्यूरीचे बारा जण परतले. पहारेचा हल्ला: निर्दोष. साधी मारहाण: दोषी.

आर्डिस, तो शब्द ऐकला आणि मी हसलो. सात महिन्यांनी छाती भरून श्वास घेतला. मागे व्हर्लिन ताठ बसला होता.

तीस दिवसांची कैद मिळाली. हे पत्र तुरुंगातूनच लिहितोय. बाहेर नेताना पायऱ्यांवर म्हातारा क्लॅरेन्स ओरडला, "वेडा रे तू! सुटला होतास की! त्या खोटारड्यासाठी?"

सगळं गाव उभं होतं. मी थांबलो आणि मोठ्याने म्हणालो, "व्हर्लिन खरं बोलला. पहार मी भिंतीशी टाकली होती. मग तो पाठमोरा असताना मूठ मारली. त्याने आमच्या बापाला चिक्कू म्हटलं, एवढ्यावरून." क्लॅरेन्सने टोपी काढली, ती व्हर्लिनकडे बघून.

तुझ्या नवऱ्याला मागून मारणारा,
तुझा भाऊ
डेल्मर