मॅडमसाठी इस्त्रीचा शर्ट

मंगळवार, संध्याकाळ. वाटूर.

आज पुन्हा इस्त्रीचा शर्ट! फौजेतून रिटायर होऊन आल्यापासून आमचे हे घरात बनियनवर बसतात. पण मोबाईलवर फौजी दवाखान्याच्या डॉक्टर मॅडम दिसणार म्हटलं, की मिशीलाही कंगवा. आणि इस्त्री कुणी केल्ती? मीच.

रेंज फक्त गच्चीवर, यांचा हात थरथरतो, म्हणून फोनही मीच धरून उभी. "जय हिंद, मॅडम" म्हणाले आणि सांगतच सुटले. झोप न्हाई, स्वप्नात गोळीबार, रडू येतं. मी विचारलं की मात्र, "काही न्हाई, जा तू." मी काय परकी हाय का? नुसती जळत राह्यले.

मॅडमनं विचारलं, "घरी कुणाशी बोलता हे?"

स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाले, "घरी कोण हाय ऐकणारं?"

माझा हात भरून आल्ता. तरी फोन हलू दिला न्हाई.