समेटाची भाकरी

कामथडी,
१ डिसेंबर २०२५

प्रिय रतनअक्का हिला धाकट्या सुलक्षणाचा प्रभूमध्ये सलाम वि. वि.

तुला मोबाईलवर ऐकू येत नाही आणि कानाला मशीन लावायची तुझी तयारी नाही, तेव्हा आपली पत्रंच बरी. दुधाच्या टेम्पोवाल्या हनुमंताच्या हाती हे देतेय. त्याला चहा पाज गं. मागच्या खेपेला कोरडाच पिटाळलास म्हणे, अजून कुरकुरतोय.

कालपासून नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू झाला. ह्यांनी माळ्यावरचा तारा काढून पुसला. एक टोक उंदरांनी खाल्लंय, ते भिंतीकडे करू म्हणतात. शाळेतला पोषण आहार शिजवून मी घरी येते तोवर अंगात जीव राहत नाही, तरी करंज्यांचं खोबरं किसून ठेवलंय.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. आपली लुदिया माहेरी आली आहे. लेकीला, शुभ्राला, कडेवर घेऊन सासरहून, सारोळ्याहून एस.टी.ने आली, पायात चप्पलसुद्धा नव्हती. डावा डोळा मिटलेला आणि करंगळी उलटी वळलेली. जेवण गार होतं म्हणून अमृतने, आपल्या जावयाने, तिचं बोट दाराच्या फटीत धरून दार ओढलं. मी त्या बोटाला ओलं फडकं बांधलं.

हे जाब विचारायला गेले होते. अमृत ह्यांच्या पायावर डोकं ठेवून रडला. पाळकसाहेबही त्याच्याशी बोलले. आपल्या चर्चच्या मंडळीची रीत तुला ठाऊकच आहे. नाताळाच्या प्रभुभोजनाआधी भांडलेल्या दोघांनी सगळ्यांसमोर एक भाकरी दोन्हीकडून धरून मोडायची, एकमेकांना घास द्यायचा, की मागचं मिटलं. अमृत तयार आहे. लुदिया म्हणते, आई सांगेल तसं. मला वाटतं ऐन सणात पोरीचं घर मोडू नये. तुझं काय म्हणणं?

कळव, आणि माया असू दे.
तुझी सुलक्षणा

वेल्हे,
४ डिसेंबर

चि. सुलक्षणाला रतनअक्काचा सलाम.

हनुमंताला दोन कप च्या पाजला. आता तरी त्याचं तोंड बंद व्हईल.

पोरीला धाडू नगंस. हे आदी लिवती, मंग बाकीचं.

माजा कान कशानं गेला ते तुला धड कुणी सांगितलं न्हाई. तू ल्हान हुतीस. अक्काला सर्दी झाली म्हणून आईनं घरात सांगितलं. सर्दी कशाची डोंबलाची! तुज्या कोंडिबादाजीनं थोबाडात हाणली आन कानातनं रगात आलं. मंग दुसऱ्या कानावर हाणली, का तर म्या पयल्या कानावर हात धरला म्हणून. तवापासनं डोक्यात शिट्टी वाजती, ती अजून वाजती.

समेटाची भाकरी म्या बी मोडली. मंडळी रडली, गाणं म्हणली, बायांनी मला कवटाळलं. घरी आलो तर त्यो म्हणला, चारचौघांत मला खाली बघाय लावलंस व्हय? आन टिकावाच्या दांड्यानं पाठ फोडली. म्होरल्या सालाला पुन्यांदा भाकरी, पुन्यांदा दांडा. त्यो मेला तवा म्या रडली न्हाई, आन मंडळीतल्या बायांनी मलाच नावं ठेवली.

बायबल म्या बी वाचती, बाई. प्रभूनं साताच्या सत्तर येळा माफ कर म्हणलंय. मार खाया परत जा, असं कुठं बी लिवल्यालं मला घावलं न्हाई.

पोरीच्या बोटाला हळद लाव आन तिला घरीच ठेव. बंडूदाजींना सलाम.
तुझी अक्का

कामथडी,
१५ डिसेंबर

प्रिय अक्का, सलाम.

रागावू नकोस, पण तुझं पत्र मी चुलीत घालणार होते. तुझ्या नशिबी आलं ते फार वाईट आलं, कबूल. पण म्हणून जगातले सगळे पुरुष दाजींसारखे होत नाहीत. तुझं भोगणं तू माझ्या पोरीच्या माथी मारू नकोस.

अमृत मागच्या रविवारी जेवायला आला होता. शुभ्राला फुगे आणले, ह्यांना मफलर. कोंबडा त्यानेच कापला, पिसं काढली, मला परातीला हात लावू दिला नाही. एक गोष्ट मात्र घडली. आपला खंड्या त्याच्यावर सारखा भुंकत होता. त्याने कोपऱ्यातलं फावडं उचललं आणि कुत्र्याच्या डोक्यात एकच घातलं. खंड्याने हूं की चूं केलं नाही. शुभ्रा तिथेच उभी होती, तिच्या फ्रॉकवर शिंतोडे उडाले. अमृत म्हणाला, चावरं होतं, उद्या पोरीला चावलं असतं. खंड्या आजवर कुणाला चावला नाही, पण असेल बाई, जनावराचं कोणी सांगावं! खड्डा त्याने स्वतःच खणला, हात साबणाने धुतले आणि दोनदा भात मागून घेतला. लुदिया जेवली नाही. डोकं दुखतं म्हणाली.

शाळेतल्या बायका रोज विचारतात, लेक किती दिवस राहणार? मंडळीतही कुजबुज आहे. लुदियाने काल रात्रीची भांडी घासता घासता मला पुन्हा विचारलं, काय करू? मी सांगितलं, जा. नवरा सुधारतोय, त्याला एक संधी दे. तिने मान डोलावली.

तू तिच्यासाठी प्रार्थना कर. भांडण नंतर करू, लोभात अंतर नको.
तुझी सुलक्षणा

वेल्हे,
१७ डिसेंबर

सुलक्षणा, सलाम.

कुत्रं मारल्यालं वाचलं. त्यानं ते कुणाला दावाय मारलं, हे तुज्या पोरीला कळलं. तुला न्हाई कळलं.

लुदियाला आन शुभ्राला माज्याकडं धाड. हितं खोली हाय, शेळ्या हायत, खायाला कमी न्हाई. लोकांनी इचारलं तर सांग, बहिरी मावशी आजारी हाय. माज्या नावावर किती बी खोटं बोल, माजी ना न्हाई.

तुझी अक्का

कामथडी,
२२ डिसेंबर

प्रिय अक्का, सलाम वि. वि.

काल समेट झाला. तुझं पत्र पोचलं होतं, पण सगळं ठरून गेलं होतं गं. ज्वारीची मोठी भाकरी मीच थापली. अमृतने हुंदके देत सगळ्यांची माफी मागितली. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. लुदियाच्या हातून भाकरी नीट मोडेना, बोट अजून वळत नाही ना, म्हणून अमृतनेच जोर लावून मोडली आणि तिला घास भरवला. टाळ्या झाल्या. मीसुद्धा वाजवल्या.

दुपारी अमृतच्या टेम्पोत बसून तिघं सारोळ्याला गेली. निघताना मी लुदियाला जवळ घेतलं तर ती लाकडासारखी ताठ. दमली असेल, दोन दिवस करंज्या तळत होती.

हनुमंताकडे डबा दिलाय. रव्याचा केक नसरापूरच्या बेकरीत भाजून आणला, खालून जरा लागलाय. गोड मानून खा आणि आता तरी हस.

नाताळाच्या शुभेच्छा, आणि आहे ती माया कमी करू नकोस.
सुलक्षणा

भोर, दवाखान्यातून
२८ डिसेंबर

अक्का,

लुदिया जिवंत आहे. आधी एवढं वाच आणि खाली बस.

नाताळाच्या उपासनेला अमृत एकटाच आला. नवा शर्ट, चापून तेल लावलेले केस. लुदियाला ताप आलाय, शुभ्रा तिच्यापाशी आहे, असं सांगून माझ्या पाया पडला. पुढच्या बाकावर बसून सगळ्यांपेक्षा मोठ्याने गायला. प्रभुभोजनाच्या रांगेत तो माझ्या पुढे होता. तुकडा घ्यायला त्याने हात पुढे केला आणि मला त्याची बोटं दिसली. चारी सांध्यांवरची सालटं गेलेली, ताजी, ओली. टेम्पोवाल्याचे हात खराब असतात, पण हे तसलं नव्हतं. मी प्रभुभोजन न घेताच रांगेतून बाहेर पडले आणि ह्यांना म्हटलं, मोटारसायकल काढा.

सारोळ्यात त्यांच्या दाराला बाहेरून कुलूप. आतून शुभ्रा रडत होती, तेही दबक्या आवाजात. ह्यांनी दगडाने कुलूप फोडलं. लुदिया मोरीत पडली होती. अक्का, मला माझ्या पोरीचं तोंड ओळखू आलं नाही. जबडा एका बाजूला सरकलेला, ओठ फाटून लोंबत होता, फरशीवर दात. टेम्पोची टामी, चाक खोलायची ती लोखंडी कांब, तिथेच टाकलेली. शुभ्रा खाटेखाली होती. बाहेर येईना, ह्यांनी पाय धरून ओढली.

समेट करून घरी पोचल्यापासून तो तिला मारत होता, तिने फौजदारांना कागदावर लिहून दिलं. सगळ्या मंडळीसमोर मला रडायला लावलंस, असं म्हणायचा आणि मारायचा. तू लिहिलं होतंस तसंच. मी वाचलं होतं, अक्का. मला वाचता येतं.

लुदियाला न्यायला जीप मिळते का बघायला हे रस्त्याकडे धावले तेवढ्यात अमृत आला. मी रांग सोडलेली त्याने बघितली असणार. दारात उभा राहून शांतपणे म्हणाला, सासूबाई, नवराबायकोच्या मधे पडू नका. मी टामी उचलली. पहिला घाव खांद्यावर बसला, हाड मोडलेलं मला हाताला कळलं. तो खाली बसला आणि त्याने चांगला हात वर करून दया मागितली. त्याने दया मागितली तेव्हा मी थांबायला हवं होतं. नाही थांबले. गुडघ्यावर घातला, पुन्हा गुडघ्यावर, मग पाठीवर. तो ओरडत होता आणि मला ते बरं वाटत होतं. ह्यांनी मागून मिठी मारली म्हणून तो वाचला, नाहीतर मी त्याला संपवलाच असता. रोज प्रार्थनेला बसते ती वाईट वाटावं म्हणून बसते. उठते तेव्हा हात शिवशिवत असतात.

पोलिसात तक्रार दिली. मी मारलं तेही लपवलं नाही. फौजदारांनी दोनदा विचारलं, दोनदा सांगितलं.

लुदियाचा जबडा तारांनी बांधलाय. नळीने पातळ घेते. तू ये. चिडायचं असेल तर इथे येऊन चिड.
सुलक्षणा

कामथडी,
६ जानेवारी २०२६

प्रिय अक्का, सलाम.

तू दवाखान्यात येऊन गेलीस, मला एका शब्दाने बोलली नाहीस. दोन मुस्काटात मारल्या असत्यास तर सोपं गेलं असतं.

अमृत दवाखान्यातूनच पोलिसांच्या ताब्यात गेला. त्याच्या घरच्यांनी माझ्यावर उलटी तक्रार दिली आहे. मंडळीची वडीलमाणसं परवा घरी आली. दोन्हीकडच्या तक्रारी मागे घ्या आणि जावयाशी तुम्हीही समेटाची भाकरी मोडा, म्हणाली. पाळकसाहेब खाली बघत होते. मला त्यांचीही कीव आली, माणूस वाईट नाही. मी स्पष्ट सांगितलं, तक्रार मागे घेणार नाही, मेले तरी. कोर्टात उभी राहीन. मला शिक्षा झाली तर तीही भोगीन. मग म्हणाले, तोवर तुम्हाला प्रभुभोजन देता येणार नाही. नाताळाला रांग सोडली ती सोडली, एरवी जन्मात कधी चुकलं नाही गं माझं प्रभुभोजन. ठीक आहे म्हटलं आणि सगळ्यांना चहा दिला.

हे सगळं मी सोसेन. एक सोसवत नाही. लुदिया माझ्याशी बोलत नाही. जबडा बांधलाय, कशी बोलणार, अशी ह्यांनी समजूत काढली. पण दातांतल्या दातांत ती शुभ्राशी बोलते. ह्यांच्याशी बोलते. शेजारची शैलजा आली तर तिच्याशीही बोलते. मी खोलीत गेले की गप्प होते. मी भरवलेलं खात नाही, वाटी हातातून काढून घेते. काल मी तिच्यापुढे बसून माफी मागितली, फार रडले. ती भिंतीकडे बघत राहिली. संध्याकाळी तिने ह्यांना सांगितलं, मला मावशीकडे पोचवा.

ती जाते आहे. हनुमंत उद्या टेम्पोच्या पुढच्या सीटवर बसवून आणेल. शुभ्रा रात्री ओरडत उठते, तेव्हा दिवा लाव, हात लावू नकोस. लुदियाला मऊ पेज दे. कधी माझं नाव काढते का, तेवढं कळव. खोटं लिहू नकोस.

माया तिच्यावर कर, माझं राहू दे.
सुलक्षणा

वेल्हे,
१४ जानेवारी

चि. सुलक्षणाला अक्काचा सलाम.

पोरगी पोचली. हनुमंतानं खड्ड्याखड्ड्याला गाडी हळू घेतली म्हणं. ह्या येळी त्याला जेवाय घातलं.

पयलं दोन दिस दाराला कडी घालून बसली. म्या भाईर पेज ठेवायची, ती घ्यायची. मंग एक दिस उन्हात येऊन बसली. मला धड ऐकू येत न्हाई, तिचं तोंड उघडत न्हाई, मंग आमी दोगी गप बसतो. हितं कोण काय इचारत न्हाई, त्येच तिला बरं वाटत असंल. शुभ्रा करडामागं पळती. काल रातीला उठली न्हाई, सपाट झोपली.

तू इचारलंस ते. तुजं नाव काढत न्हाई. शुभ्रा आज्जी आज्जी करती तवा तोंड फिरवती. मारलं त्यानं, पर जा म्हणली ती आई, असं तिच्या मनात बसलंय. तिचं काय चुकलं, तूच सांग.

आली त्या दिशी म्या तिला इचारलं, आईला बोलवू का? नगं नगं म्हणून तिनं दोनी हात हलवले. काल संक्रांतीच्या आदल्या दिशी पुन्यांदा इचारलं. व्हय म्हणली न्हाई. पर हात बी हलवला न्हाई. लई येळ शेळीच्या पाठीवर हात फिरवत बसली.

तेवढ्यावर तू ये. शाळेत रजा टाक. येताना तिची जाड शाल आण, हितं थंडी मरणाची हाय. आल्यावर माफी मागाय बसू नगंस आन तिच्यापुढं रडू नगंस. पाणी भर, भांडी घास, शेळ्यांखालचं लोट. तिला बोलायचं तवा बोलंल.

न्हाई बोलली तरी म्होरल्या एस.टी.नं माघारी जाऊ नगंस.

तुझी अक्का