घाई केलेल्यांचं बी

अप्पा, यंदा तुमचं लेट्यूस संपलं. तुम्ही गेल्यापासून एकोणीस वर्षं मी ते कसंबसं चालवलं, दरवर्षी तुमच्याच बियांचं बी धरून. आता नाही जमायचं.

क्वार्टरच्या मागची ती चार हात जागा आठवते. कारखान्यातून सायकलवर आलात की चहाआधी तुम्ही तिकडे. थंडीत गड्डे कोबीसारखे घट्ट व्हायचे, पान मोडलं की कुर्रकन वाजायचं. आई दाण्याचं कूट घालून त्याची कोशिंबीर करायची आणि वर चरचरीत फोडणी ओतायची. "अगं, पानं मरतील त्याने!" तुम्ही कळवळून म्हणायचात. सगळ्यात चांगल्या गड्ड्याला मात्र लाल दोरा असायचा. तो खायचा नाही, बियांसाठी ठेवायचा. मी नऊ वर्षांची असेन. तुम्ही सुरीने त्या गड्ड्याच्या डोक्यावर फुलीसारखी चीर देताय आणि मी रडतेय. "फुलाचा दांडा आत कोंडून कुजतो गं, वाट करून द्यावी लागते," तुम्ही सांगताय. शेजारचं एक रोप गड्डा न धरताच उंच वाढून फुललं होतं. मी शहाणपणा केला, मग ह्याचंच बी घ्या की. केवढे चिडलात! "ज्याला घाई झाली त्याचं बी कधी धरायचं नाही. पुढच्या वर्षी सगळीच घाई करतील."

आता मी बेळ्ळंदूरला सहाव्या मजल्यावर राहते. समोर काचेची ऑफिसं झालीत. दुपारचं ऊन त्यांच्यावर आपटून माझ्या बाल्कनीत येतं, डिसेंबरातसुद्धा. तुमच्यासारखंच बी ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवलं, हिरवी जाळी बांधली, सगळं केलं. अकरा रोपं आली आणि दहांनी गड्डा न धरताच सरळ फुलाचे दांडे काढले. शेजारच्या अक्का डोकावून कानडीत म्हणाल्या, "बिसिलु जास्ती आय्तु, एन माडोदु?" ऊन फार झालं, करणार काय. अकराव्याने मात्र गड्डा धरला, मुठीएवढाच. मी त्याला लाल दोरा बांधला.

आई माझ्याकडेच असते. तुम्ही गेलात हे हल्ली तिला आठवत नाही, आणि जेवण नकोच असतं. त्या दिवशी सकाळपासून पाण्याखेरीज तिच्या पोटात काही नव्हतं. दोरा बघून म्हणाली, "ते कुरकुरीत पान दे ना." किती दिवसांनी तिने काही मागितलं होतं, अप्पा. मी चीर दिली नाही, गड्डाच कापला. बुंध्याला पुन्हा फूट येईल म्हणून तो मातीत ठेवला होता, तोही आठवड्यात कुजला.

आईने एक पान चावलं आणि बशीत काढून ठेवलं. "कडू झालंय गं. ह्यांना सांग, उन्हात लावू नका म्हणावं."

"सांगते," म्हटलं. उरलेला गड्डा मी ओट्याशी उभ्याने खाल्ला. कडूच होता.

म्हणून हे लिहायला बसले. पाठवणार कुठे? तुमच्या बियांच्या डबीखाली घडी करून ठेवीन. एक सांगायचं राहिलंच. आई रोज ती डबी कानाशी धरून हलवते. रिकामी लागू नये म्हणून मी त्या दहांचं बी तिच्यात भरलंय.