पायाकडची दोरी

मी, ड्यूगल्ड टेनंट, वय त्रेसष्ट, एके काळी धंद्याने फुटबॉलपटू, डावा विंगर, त्यानंतर चोवीस वर्षे खाणीत उतरणाऱ्यांना दिवे देणाऱ्या दिवेघरात नोकर, राहणार ऑकेनहिल, लॅनार्कशायर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. पोट नाही, डॉक्टरांनी ते उघडून पाहिले आणि काही न काढता परत शिवले. मला कोणी धमकावलेले नाही की दारू पाजलेली नाही. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते केले तेव्हा माझी बायको नॅन हयात होती.

१. घर, आतले सामान आणि बँकेत निघेल ते सगळे माझी मुलगी एफी हिला. मागचे दार जरा वर उचलून ढकलावे लागते. हे तिला माहीत आहे, तिच्या नवऱ्याला नाही. त्याने ते दोनदा मोडले आहे.

२. स्कॉटलंडकडून सहा सामने खेळलो, देशाकडून खेळल्याच्या मानाच्या टोप्या चारच मिळाल्या, कारण ब्रिटनबाहेरच्या संघांशी झालेल्या सामन्यांना टोपी देत नसत. त्याही एफीला. काचेच्या कपाटात मांडू नयेत. नातवंडांनी खेळून फाडल्या तरी माझी हरकत नाही.

३. बुटांना खुट्ट्या ठोकायचा लोखंडी साचा आणि हातोडी क्लबच्या मैदानाचा राखणदार टॅम ऑर याला. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ट्रेनर म्हणाला होता, "अगदी नव्यासारखा झालाय." टॅम तिथेच उभा होता. तो म्हणाला, "नवा असता तर फाटकासारखा करकरला नसता." क्लबात माझ्याशी खरे बोललेला हा एकच माणूस.

४. क्लबचे तेव्हाचे संचालक मि. गॅलब्रेथ यांच्या वारसांना काही नाही. हातरुमालसुद्धा नाही.

५. आता दोऱ्या. आमचे वकील म्हणतात, दोरी ही मालमत्ता नाही, मृत्युपत्रात घालता येत नाही. वकील एडिंबरोचे आहेत. आमच्या गावात शवपेटी आठ दोऱ्यांनी खाली सोडतात आणि कुठली दोरी कोणाची हे कार्डावर लिहून घरोघर कळवतात. डोक्याकडची पहिली, पायाकडची दुसरी, या दोन रक्ताच्या माणसांच्या. माणूस काय होता हे इथे त्याच्या घरावरून नाही, त्याच्या दोऱ्या कोणी धरल्या यावरून ठरते.

माझा थोरला भाऊ रॅब १९२७ च्या मार्चमध्ये खाणीत छत कोसळून गेला. गुरुवारी गेला, दफन शनिवारी दुपारी तीनला ठरले. त्याच शनिवारी तीनला कपची सेमीफायनल होती. पायाकडच्या दोरीचे कार्ड माझ्या नावाने आले. गॅलब्रेथ म्हणाले, "तुझा भाऊ काही उठून बसणार नाहीये, टेनंट. तुझ्या जागेवर मात्र दुसरा येऊन बसेल." पण सगळे त्यांच्यावर ढकलणे खोटेपणा होईल. मला खेळायचे होते. आयुष्यात पाय तसे कधीच पळाले नव्हते, आणि ते मला ठाऊक होते.

येता येत नसेल तर कार्ड आदल्या दिवशी परत करायचे, म्हणजे दुसरे नाव घालतात. मी केले नाही. परत करणे म्हणजे वहिनीच्या तोंडावर नाही म्हणणे, त्याची लाज वाटली. कार्ड कोटाच्या खिशात ठेवून मी ग्लासगोची गाडी पकडली. वाटले, कोणीतरी उचलेल दोरी. याच गावात जन्मून मला हे वाटले.

शवपेटीवाल्या डॉड्सने माझे नाव तीनदा पुकारले. जिवंत भावाची दोरी परका उचलत नाही. सात जणांनीच पेटी सोडली. पायाकडून ती घसरली आणि कडेवर आपटली. डोक्याकडे रॅबचा मुलगा अलेक होता, चौदा वर्षांचा. दोरीने त्याचे तळवे सोलून निघाले, पण त्याने सोडली नाही.

मी दोन गोल केले. लोकांनी मला खांद्यावर घेतले. रात्री घरी पोचलो तेव्हा आई चुलीशी बसली होती. म्हणाली, "दोन मारलेस म्हणे, ड्यूगी. रॅब वाकडा गेला."

त्यानंतर चौतीस वर्षांत गावातल्या एकाही मयताचे कार्ड माझ्या दारी आलेले नाही. आईच्या मयताचेही नाही. दिवेघराच्या खिडकीतून मी अलेकला चोवीस वर्षे रोज पहाटे दिवा दिला. त्याने तो घेतला. एकदाही वर पाहिले नाही.

६. माझी पहिली दोरी एफीची. बायका आमच्याकडे कबरीपर्यंत जात नाहीत. एफीने जावे, कोणी अडवले तर तिला सुचेल ते उत्तर द्यावे. मधल्या सहा जुन्या खेळाडूंच्या, सगळे गावाबाहेरचे, सगळे हो म्हणालेत. पायाकडची अलेकची. गेल्या आठवड्यात त्याच्या दारी जाऊन मी स्वतः विचारले. तो म्हणाला, "शनिवारी मरू नका म्हणजे झालं. मॅच असते ना तुमची."

म्हणून मला शनिवारीच पुरावे, दुपारी तीनला. ज्याला यायचे त्याला मॅच सोडावी लागेल. अलेक आला नाही तर त्याची दोरी कोणी उचलू नये.

७. स्वहस्ते लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत, असे वकील म्हणतात. मला लागतात. एफी अलेकला बोलावून आणणार आहे. त्याच्या दोरीचे कार्ड मी आत्ताच लिहून या कागदाला जोडले आहे. त्याला या कागदाने काही मिळत नाही, तेव्हा सही करायला हरकत नसावी. त्याने हे सगळे वाचावे आणि येणार की नाही ते खाली लिहावे. मला ते जिवंतपणी कळायला हवे. यापलीकडे माझी काही इच्छा नाही.

ऑकेनहिल, १८ नोव्हेंबर १९६१

(सही) ड्यूगल्ड टेनंट

साक्षीदार पहिला: टॅम ऑर, मैदानाचा राखणदार. सगळं वाचलं. माझ्याबद्दलचं खरं आहे.

साक्षीदार दुसरा: अलेक टेनंट, खाणकामगार. वाचलं. कार्ड ठेवून घेतलं. डॉड्सने तीनदा नाव पुकारेपर्यंत आम्हालाही कळलं नव्हतं, काका. तुम्हालाही तेव्हाच कळेल.