फाटकापलीकडची खोली

हॉलिस जंक्शन, अमेरिका
३ ऑगस्ट २०२५

ती. आईस,
रुपाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर इकडं तुझा जावई जीवन शेजारी असतो, तिकडं नागेशदादाची भाग्यश्रीवहिनी. मनातलं बोलताच येत नाही. म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवते. वहिनींना म्हणावं, वाचू नका, फक्त आईला दाखवा. (वाचणारच त्या, मला ठाऊक आहे.)

आई, मला भीती वाटते गं. हे गाव रुळानं मधोमध चिरलेलं आहे. रेल्वे आली तेव्हा कंपनीनंच प्लॉट पाडून वसवलं म्हणे. उत्तरेला बँक, चर्च, दवाखाना. दक्षिणेला मजुरांची घरं. आम्ही दक्षिणेला, भाडं कमी म्हणून. पूर्वी इथं इंजिनं पाणी भरायला थांबायची, हॉटेलं होती, नाचघर होतं. आता गाडी गावासाठी थांबत नाही, पण गावात थांबते. मालगाडी एवढी लांब की दोन्ही टोकं दिसत नाहीत. उभी राहिली की अर्धा अर्धा दिवस फाटक बंद. वळसा घालायचा तर पूल पुरात गेलेला. भोंगा वाजला की मी हातातलं काम टाकून खिडकीशी जाते.

फाटकापलीकडं डोरिसबाई राहतात. नवरा मालगाडीवर गार्ड होता. आधी त्याही इकडंच, दक्षिणेला राहायच्या. त्यांचं पहिलं मूल ह्याच फाटकावर, गाडी हलायची वाट बघता बघता गेलं. मग त्यांनी उत्तरेला घर घेतलं, आणि तेव्हापासून इकडच्या गरोदर बायकांसाठी एक खोली ठेवली आहे. दिवस भरत आले की इकडच्या बायका तिथं जाऊन राहतात. त्या म्हणतात, तू आत्ताच ये. मला आठवा लागलाय. जाऊ का?

तुझ्या उत्तराकडं डोळे लावून बसलेली,
रुपा


मु. तामसी, जि. आदिलाबाद
५ ऑगस्ट

चि. सौ. रुपास,
अ. आ. वि. वि.

पत्र पावलं. तुह्या वयनीनंच वाचून दाखवलं आन् रडलीबी.

अवं बाई, आठव्यात कोनी गावची शीव ओलांडते का? न्यावं तर सातव्यात, नाही तर नवव्यात. मारोतीची रंजीता इसरली का? आठव्यात माहेरी गेली, लेकरू हाती लागलं नाही. तुहं पत्र आयकलं आन् माह्या अंगावर काटाच आला. डोरिसबाई मायाळू असतीन, पन त्यायले आपलं काय माईत? नववा काई लांब नाही. तो लागला का खुशाल जाय.

माहा पासपोर्ट आला, पन ते व्हिजावाले तारीख देऊन नाही राह्यले. रोज नागेशले इचारते पोरी, आली का तारीख. इथं भाग्यश्रीले सहावा लागला, तिले म्या कापसात पाय टाकू देत नाही. हसतात सारे मले. हसू दे.

जीवनरावले आशीर्वाद. माया हाय तशी राहू दे.
तुही माय,
मालन


हॉलिस जंक्शन
६ ऑगस्ट

ती. आईस,
सा. न.

तू म्हणतेस तसंच करते. रंजीताचं नाव काढलंस आणि माझा धीरच सुटला. डोरिसबाईंना आठवा-नववा समजावताना माझी चांगलीच फजिती झाली. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, गाडी महिने मोजत नाही. बॅग भरून दाराशी ठेवली आहे. काळजी करू नकोस म्हणणार होते, पण कर. कुणीतरी केलेली बरी वाटते.

तुझीच,
रुपा


हॉलिस जंक्शन
१७ ऑगस्ट

ती. आईस,

मी आहे, बाळ आहे. हे आधी वाच, मग खाली बस.

गुरुवारी दुपारी जेवता जेवता अंगावरून पाणी गेलं. फाटकावर आलो तर गाडी उभी. पलीकडं रुग्णवाहिकेचा लाल दिवा डब्यांच्या फटीतून दिसत होता. कळा थांबेनात. जीवन म्हणाला, आदिलाबादच्या फाटकावर डब्याखालून काय कमी वेळा गेलो? चल. मी वाकले. एक हात रुळावर टेकला. पलीकडून डोरिसबाई किंचाळल्या. मला त्यांचे पाय आणि काठी तेवढी दिसली. तेवढ्यात गाडीनं हिसका दिला आणि जीवननं मला मागं खेचलं. ओढणी चाकाखाली राहिली.

हातभर सरकून गाडी परत थांबली. जीवन मातीत बसून लेकरासारखा रडत होता. डोरिसबाई काठी टेकत, ओरडत इंजिनाकडं गेल्या. गाडीवरच्या माणसानं येऊन दोन डब्यांमधली जोडणी सोडली, पुढचे डबे ओढून नेले तेव्हा कुठं वाट झाली.

मुलगी झाली. काचेच्या पेटीत आहे, मुठीएवढा चेहरा. डॉक्टर आज बरं म्हणतात, उद्याचं बोलत नाहीत. मी तुला दोष देत नाही. पण आई, ती खोली सगळे दिवस रिकामी होती.

रुपा


आदिलाबाद
८ ऑक्टोबर

चि. सौ. रुपास,
अ. आ.

तुह्या त्या पत्राले उत्तर लिहाले बसते आन् उठते, असे दीड-दोन महिने गेले. फोनवर निसतं छकुलीचं वजन इचारत राह्यली. छकुली पेटीतून घरी आली तवा देवापुढं साखर ठेवली, पन त्वांड दाखवाची लाज वाटे.

रविवारी भाग्यश्रीले आठवा लागला. दवाखान्याच्या वाटेवरल्या नाल्याचा पूल खचला हाय, पाऊस अजून पडून राह्यला, वाट कवा बंद होईन नेम नाही. म्या तिची पिशवी भरली आन् आटो बलावला. शेजारची वच्छलाबाई आडवी आली, म्हने आठव्यात काऊन नेता? नागेशबी कुरकुरला. म्या म्हनलं, नाला महिने मोजत नाही.

शिवेवर आटो आला तवा रंजीता दिसे, तू डब्याखाली वाकलेली दिसे. म्या डोये मिटून घेतले. भाग्यश्रीनंच माहा हात धरून ठेवला. अजूनबी भेव वाटते पोरी. सकाळी उठल्याबरोबर पयले तिच्या पोटावर हात ठेवून पाहाते.

डोरिसबाईले हे वाचून दाखव: तुमची खोली म्या रिकामी ठेवली बाई, मले माफ करा. इथं माही बहीन रुक्मा दवाखान्याच्या बाजूले राहाते. तिच्या मागच्या खोलीतले कापसाचे पोते म्या बाहीर काढले. तिथं आता माही सून निजून हाय.

छकुलीचा पापा घे. माह्यावरचा राग गेला असंन तर तसं लिव, नसंन गेला तरी लिव.
तुही माय,
मालन