कालव्याकाठची माती

सेलू

प्रिय धनंजय,

रूपालीवहिनी परवा नर्सरीत आल्या होत्या. दोन्ही हातांत पिशव्या आणि पिशव्यांत तुझ्या लॉनमधून उपटलेला लव्हाळा. टेबलावर ओतून म्हणाल्या, भाऊजी, यांनी किती वेळा उपटला, औषध मारलं, तर लॉन जळालं अन् हा जास्तच हिरवा झाला. आता तुम्हीच काही सांगा. मी त्यांना चहा पाजला आणि धनंजयला मीच सविस्तर लिहितो म्हटलं. फोनवर तू हसून विषय बदलतोस, म्हणून कागदावर लिहितो आहे.

या लव्हाळ्याच्या भाऊबंदांवरच माझं घर उभं आहे, हे तुला ठाऊक आहे. श्रीमंतांच्या पोर्चमधलं छत्रीगवत त्याचंच चुलत. बसस्टँडमागे मी रंगाच्या रिकाम्या डब्यांत पाणी भरून त्या छत्र्या उलट्या बुडवून ठेवायचो, तेव्हा तू सायकल टेकवून हसायचास. 'नागसेन, गवत इकून कोणी मोठं होते काय बे?' उलट्या डोक्यांना मुळं फुटायची, मी ती कुंडीत लावायचो. आज त्याच कुंड्या नागपूरपर्यंत जातात. पण तेव्हा तू हसायचास ते तोंडावर. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, उलट तू आला नाहीस की दिवस सुना जायचा.

वर्ध्याला तुझं नवं घर झालं, तेव्हा कुंपणाची मेंदी मीच लावायला आलो होतो. दुसऱ्या कोणाला तू ती लावू दिली नसतीस, आणि मीही नसती लावू दिली. भिंतीपलीकडे मी आळी करत बसलो होतो. तू पोर्चमध्ये पाहुण्यांशी बोलत होतास. माझ्या लेकीला, मयुरीला पाहून गेलेली नागपूरची मंडळी चौकशीला तुझ्याकडे येणार, हे मला माहीत होतं. त्यांना तुझं नाव मीच दिलं होतं. धनंजयपेक्षा आपलं कोण चांगलं सांगणार, असं घरी म्हणालो होतो.

माझे कान कसे आहेत ते तू जाणतोस. नर्सरीच्या दुसऱ्या टोकाला नळ गळला तरी मला कळतं. तुझं वाक्य मला अजून पाठ आहे. 'पोरगी लाखात एक आहे, पण तिची आजी आमच्या वावरात निंदायले येत होती. घरात सोफा आला, पण म्हातारी अजून भुईवरच बसते. तुमच्या नातेवाइकांत कसं दिसन, ते पाहून घ्या बाप्पा.' मग सगळे हसले. कपबश्या वाजल्या. मी मेंदीची उरलेली रोपं लावली, हात धुतले, तुला नमस्कार करून घरी आलो.

मंडळींचा निरोप आला की मुलाला इतक्यात करायचं नाही. मयुरी दुसऱ्या दिवशी सेवाग्रामला ड्युटीवर गेली. माय मात्र विचारत राह्यली. पाहुणे आले त्या दिवशी ती लुगडं आवरून सकाळपासून खुर्चीवर बसली होती, पाय सुजले तरी खाली उतरली नाही. 'काऊन रे, मी काही चुकली काय?' हे तिनं मला विचारलं, धनंजय. तुझ्या एका वाक्याचा हिशेब मी या प्रश्नाशी मांडून ठेवला आहे.

मग उन्हाळ्यात तू लॉनसाठी माती आणलीस. नवीन घराले घरचीच माती पाहिजे, इकतची माती पराई, असं म्हणत हिंगणीच्या वावरातल्या कालव्याकडच्या तुकड्यातून ट्रॉल्या भरून आणल्यास. तो तुकडा म्हणजे बारमाही ओल आणि बारमाही लव्हाळा. माझ्या मायची अर्धी उमर तिथं निंदण्यात गेली. ट्रॉली उलटली तेव्हा ढेकळांतून लव्हाळ्याच्या काळ्या गाठी लोंबताना मी पाहिल्या. तू विचारलंस, कशी आहे माती? मी म्हणालो, एक नंबर.

पुढचं तूच केलंस. पाऊस पडला, हिरवे भाले वर आले, तू वरून उपटलेस. खालच्या गाठी जागच्या जागी. मग तुला घाई झाली, रोटाव्हेटर फिरवलास. एका गाठीची साखळी तुटली की जितके तुकडे तितकी नवी रोपं, हे शेतकऱ्याच्या पोराला मी काय सांगायचं? मी फाटकाशी उभा राहून ट्रॅक्टरवाल्याला म्हणालो, कोपरे सोडू नको भाऊ.

दिवाळीनंतर तुझ्या काजलचं साक्षगंध त्याच लॉनवर आहे, हे वहिनींनी सांगितलं. मुलाकडचे माझ्याकडेही चौकशीला आले होते. मी काजलबद्दल चांगलंच सांगितलं, आणि तिच्या बापाबद्दलही. पोरीवर मी सूड काढत नाही. तुझ्या गुडघ्यांवर काढतो.

आता उपाय. औषधानं जाणार नाही, मशीननं वाढेल. ओल असताना उकिडवं बसायचं, खुरपं वीतभर खाली घालायचं, पांढरा दोरा न तुटू देता गाठीपर्यंत जायचं आणि गाठ उन्हात टाकायची. पुन्हा पान दिसलं की पुन्हा बसायचं. बाया लावू म्हणशील, तर मी विचारून पाहिलं. माझ्या मायबद्दल, पंचफुलाबाईबद्दल तू काय बोललास ते मीच त्यांना सांगितलं. हिंगणीपासून सेलूपर्यंत एकही बाई तुझ्या आवारात खुरपं धरणार नाही. बसावं तुलाच लागेल, भुईवर. रविवारी मी मायला गाडीत घालून आणतो. ती पोर्चमध्ये बसेल, वहिनींच्या हातचा चहा पिईल आणि कुठं गाठ राहिली ते तुला दाखवेल. तिलाही बायांकडून सगळं कळलं आहे. मला वाटलं रडेल. ती एवढंच म्हणाली, 'त्याले लिहून टाक, माझी खुर्ची सावलीत ठेवजो.'

तुझाच,
पंचफुलाबाईचा नागसेन